राहिलेली ओळ

दार उघडायला फार वेळ लागला. मी दोनदा कडी वाजवली, मग खाकरलो, मग माझी पदवीसकट ओळख मोठ्यानं सांगितली. आतून भांडं सरकवल्याचा आवाज आला. कोणीतरी घाईनं काहीतरी झाकत होतं. शेवटी दार अर्धं उघडलं आणि डोक्यावरून ओढणी घेतलेली पस्तिशीची एक बाई समोर उभी राहिली. तिनं आधी मला पाहिलं, मग माझ्या बॅगेकडं पाहिलं आणि ती म्हणाली, "तुमी उद्या येनार व्हते ना, सर?"

"एक दिवस आधी आलो," मी म्हणालो. जणू काही गावावर उपकारच केले होते.

खरं सांगायचं तर मला दम निघाला नव्हता. इस्तंबूलच्या ग्रंथालयात काही महिने काढून मी कुराणाची सुरुवातीच्या शतकांतली हस्तलिखितं वाचायला शिकून आलो होतो. कुफी म्हणजे जुनी, कोनदार, अक्षरांना नुक्ते म्हणजे ठिपके नसलेली अरबी लिपी. महाराष्ट्रात ती वाचून काळ सांगणारा मी एकटाच आहे असं मी सगळ्यांना सांगत असे. एकटा असण्याचा मोठा फायदा असा, की चूक काढणारंही कोणी नसतं. तोटा एवढाच, की परत आल्यापासून इतकं जुनं एकही पान माझ्या वाट्याला आलं नव्हतं. औरंगाबादच्या आमच्या संस्थेत मी पडद्यावर चित्रं दाखवून व्याख्यानं देत होतो आणि इस्तंबूलहून आणलेलं भिंग मखमलीनं पुसत होतो. अशात परभणीकडच्या पीरगव्हाण गावच्या दर्ग्यातून निरोप आला, की आमच्याकडं हजरत अलींच्या हातचं कुराणाचं एक पान आहे, येऊन बघून जा. मी उद्याची एस. टी. कशाला धरेन?

दार उघडणारी ती तस्कीन. दर्ग्याचे म्हातारे मुजावर वजीहुद्दीन यांची एकुलती एक मुलगी. नवऱ्याच्या निधनानंतर ती वडलांकडंच राहत होती. तिच्या उजव्या हाताची बोटं काळी झाली होती. मी ती पाहिली. मी सगळंच पाहतो. 'स्टोव्हची काजळी,' असं मनात म्हणून मी चपला काढल्या.

वजीहुद्दीन खाटेवर बसले होते. अंगावर शाल, शालीत दोन्ही हात.

"या सर, बसा. हात काही पुढं करत न्हाई, गैरसमज नका करू. लई थरथरतेत. डाक्टर मनले कंपवात." मग आत बघून, "तस्कीन, च्या टाक."

"पान कुठं आहे?" मी विचारलं. चहाआधी हे विचारायचं नसतं, एवढं परभणीत वाढलेल्या माणसाला कळायला हवं होतं.

"पान कुठं जातं?" म्हातारा हसला. "हजारेक वर्सं टिकलं मन्तेत. च्या होईस्तोवर बी टिकंल."

चहा व्हायच्या आत रऊफ आला. वजीहुद्दीनच्या भावाचा मुलगा, सिमेंटची एजन्सी, खिशाला दोन पेनं. मला बोलावणं त्याचंच होतं. त्यानं सगळं ठरवूनच ठेवलं होतं. दर्ग्यात काचेचं कपाट, वर ट्यूबलाइट, बाहेर बोर्ड. बोर्ड रंगवूनही झाला होता. 'हजरत अली यांच्या पवित्र हस्ताक्षरातील कुराणाचे पान' असं मराठीत, उर्दूत आणि इंग्रजीत. फक्त माझ्या सहीचा कागद यायचा बाकी होता.

"सर, सर्टिफिकेट इंग्लिशमध्ये द्या," तो म्हणाला. "जुम्म्याच्या नमाजानंतर जमातीची बैठक आहे. त्यात तुम्ही वाचून दाखवा. त्याच बैठकीत पेटीचाही निकाल लागेल."

"कुठल्या पेटीचा?"

तस्कीन कपबशी ठेवत होती. ती म्हणाली, "पान जिच्यात ऱ्हातं त्या पेटीचा. अब्बाचे हात चालत न्हाईत. आता पेटी कुनाच्या घरी ठिवायची, ते ठरनार हाय."

"ठरणार काय, ठरलंच आहे," रऊफ म्हणाला. "खानदानात पुरुष मी एकटाच. आपा, तुम्हाला काही त्रास नाही द्यायचा आम्हाला."

"मला कधी तरास झाला मनून सांगितलं मी?" तस्कीन म्हणाली. मग माझ्याकडं वळून सरळच बोलली, "सर, मी जमातीला मागितली पेटी. पेटी हितंच राहू द्या मनले. तर मनतेत, आजवर बाईच्या नावानं कधी न्हवती. तुमी शिकलेले. तुमीच सांगा, बाईच्या घरात पान खराब होतं का?"

मी घसा साफ केला आणि चामड्यावरच्या लेखनाला दमट हवेपासून होणाऱ्या धोक्यांवर बरंच बोललो. ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, प्रभावित झाली. आता आठवलं की वाटतं, रस्ता विचारणाऱ्याला मी भूगोल शिकवत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पान बघायला मिळालं. मला हातपाय धुवायला लावले, डोक्याला रुमाल बांधायला लावला, आणि पानाला हात लावायचा नाही, हे वजीहुद्दीननी दोनदा सांगितलं.

"राग नका धरू, सर. वजू करून फकस्त घरचं मानूस हात लावतं. तस्कीन धरंल, तुमी बगा."

तिनं पेटीतून हिरव्या रेशमी फडक्यात गुंडाळलेलं पान काढलं आणि लाकडी रेहलवर, म्हणजे कुराण ठेवायच्या घडीच्या स्टँडवर, ठेवलं. मी भिंग काढून वाकलो.

अजूनही ते पान मला जसंच्या तसं दिसतं. उंचीपेक्षा रुंदी जास्त, जाड चामडं, कडा खाल्लेल्या. सूरह मरियममधला मजकूर. अक्षरं ठेंगणी, भक्कम, आडवी ताणलेली. स्वरांसाठी तांबडे ठिपके. ज्याला तपकिरी, चामड्यात मुरलेली मूळ शाई ओळखता येते, त्याला ती खाली दिसत होती. हिजरी तिसरं शतक, इराकच्या बाजूचं. हजरत अलींच्या नंतर दीड-दोनशे वर्षांनी लिहिलेलं. त्यात मला तिळमात्र शंका नव्हती, आजही नाही. अलींचा हात नव्हता तो, पण या देशात एवढं जुनं पान मी दुसरं पाहिलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि भिंगावर वाफ धरली.

खरी गंमत पुढं होती. मूळ तपकिरी अक्षरांवरून कोणीतरी काळ्या शाईनं पुन्हा लेखणी फिरवली होती. तसं पुष्कळ जुन्या पानांवर दिसतं. शाई उडते, मग नंतरचा कोणी ती गिरवतो. आणि गिरवणारा नेहमी सापडतो. त्याचा हात दुसऱ्याच्या रेषेमागून भीत भीत जातो, मध्ये थांबतो, कापतो. इथं तसं काहीच नव्हतं. एका दमात, एका दाबानं, न डगमगता ओढलेली रेषा. अलिफ म्हणजे पहिलं अक्षर, एक उभी रेघ; तिचा खालचा आकडा बघून मी तोंडातल्या तोंडात 'वाहवा' म्हणालो.

"काय झालं, सर?" तस्कीननं विचारलं. तिनं पानाची कड घट्ट धरली होती.

"हा माणूस गिरवत नाही. हा लिहितो आहे!"

तिनं ओठ मिटून घेतले. मला वाटलं, माझ्या भिंगाचा दरारा.

"वरची शाई कोळशाची," मी मोठ्यानं नोंद करत गेलो. "दिव्याची काजळी आणि बाभळीचा डिंक. जुनी पद्धत. आज असली शाई कोण करतो? किती जुनी म्हणावी... अक्षराचं वळण दख्खनी दरबाराच्या उस्तादांचं. सतराशे पन्नासच्या आसपास. इतका पक्का हात त्यानंतर दिसत नाही."

"सतराशे पन्नास," तस्कीन हळूच म्हणाली.

"दहा-वीस वर्षं इकडंतिकडं," मी उदारपणे सवलत दिली.

पानाला सुंदर वास येत होता. मी वहीत लिहिलं, 'गुलाबाचा मंद सुगंध'. त्यापुढं त्याचा विचार करायला मला सवड झाली नाही, कारण माझं लक्ष शेवटच्या ओळीकडं गेलं होतं. बाकी सगळं पान काळंभोर, आणि शेवटची ओळ नुसती तपकिरी, पुसट. काळी शाई वरच्या ओळीच्या टोकाला येऊन थांबली होती.

"ही ओळ अशी का?" मी विचारलं.

तस्कीननं वडलांकडं पाहिलं. वडलांनी शालीकडं पाहिलं.

"तशीच राहिली," ती म्हणाली.

तशीच राहिली! हे दोन शब्द मी घेतले आणि दिवसभर त्यांच्यावर इमला चढवला. गच्चीवर बसलो होतो. शेजारी परातीत बाभळीच्या डिंकाचे खडे वाळत होते. मी त्यातला एक खडा उचलून बोटात फिरवत होतो आणि विचार करत होतो, की त्या थोर उस्तादानं शेवटची ओळ का सोडली असेल.

"लाडू करणार वाटतं डिंकाचे?" खाली उतरताना मी तस्कीनला विचारलं.

"हौ," ती म्हणाली. "अब्बाच्या कमरंला बरे."

शुक्रवारी नमाजानंतर दर्ग्याच्या ओसरीवर बैठक भरली. पुरुष सतरंज्यांवर बसले होते. एका बाजूला वेताची चिक पडद्यासारखी सोडली होती, तिच्यामागं बायका. मध्यभागी रेहलवर पान, त्याच्याजवळ वजीहुद्दीन. समोर गावचे काझीसाहेब, पांढरी दाढी आणि कानाला यंत्र. रऊफचा बोर्ड कापड झाकून भिंतीला टेकवला होता. कापड ओढायला दोरीही बांधली होती.

रऊफनं माझी ओळख करून दिली. मी मनाशी जेवढा मोठा होतो, त्यापेक्षाही मोठा झालो.

मी खरं ते सांगून टाकलं. पान हजरत अलींच्या हातचं नाही. त्यांच्या काळात अक्षराचं हे वळण नव्हतं, तांबडे ठिपके देण्याची पद्धतही नव्हती. हिजरी तिसरं शतक. चिकेमागं कुणीतरी 'या अल्ला' म्हणालं. रऊफचा चेहरा उतरला आणि त्यानं दोरी हातातून सोडली.

काझीसाहेबांनी कानामागं हात धरला. "सर, हजार वर्साचं तरी हाय का?"

"हजाराहून जास्त."

"मग पुरे की. अलीसाहेबांचं नसंल, पन अल्लाचंच कलाम हाय ना? अक्षर हाय तेच हाय." लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी सुस्कारा टाकला.

खरं तर मी तिथंच खाली बसायला हवं होतं. पण मी एका गावाला त्याचा मोठेपणा काढून घेऊन नुसता कसा जाऊ? त्यांना बदल्यात काहीतरी द्यावं असं मला वाटलं. आणि माझ्याजवळ द्यायला तर केवढं होतं!

"पण थांबा," मी म्हणालो. "या पानावर आणखी एक हात आहे."

मग मी उस्तादाबद्दल बोललो. आजवर असं बोललो नव्हतो. अडीचशे वर्षांपूर्वीचा तो मनुष्य, दिव्याच्या काजळीतून स्वतः शाई बनवणारा. उडत चाललेलं अक्षर त्याला बघवलं नाही. तो बसला आणि एकेक अक्षर त्यानं पुन्हा उभं केलं. तेही न थरथरता. "असा हात आज हिंदुस्तानात नाही," मी म्हणालो.

"माशाल्ला!" रऊफ म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर रंग परतू लागला. "आमच्या खानदानाचाच कोणी असेल, सर."

"असेलच."

"माशाल्ला! काय हात असेल!"

"आणि आता ही शेवटची ओळ बघा," मी आवाज खाली आणला. व्याख्यानात मी नेहमी तसं करतो. "ही पुसट आहे. काळी शाई इथं थांबली. का थांबली? जो सगळं पान लिहितो, तो एक ओळ का सोडील? एकच कारण असू शकतं. त्याला ती पुरी करता आली नाही. लेखणी हातात असतानाच त्याचं आयुष्य संपलं. आणि त्याच्यामागून आलेल्या कोणाची त्या ओळीला हात लावायची हिंमत झाली नाही. अडीचशे वर्षं ती ओळ त्याची वाट बघते आहे."

ओसरीवर बरेच जण डोळे पुसत होते. एक म्हातारा हुंदका देऊन रडला. सांगायला लाज वाटते, पण मीही रडत होतो. स्वतःच्या भाषणानं रडणारा मनुष्य मी तोवर फक्त निवडणुकीत पाहिला होता.

"अल्ला मरहूमला जन्नत देवो," काझीसाहेब म्हणाले. "चला, त्यांच्या नावानं फातेहा पढू."

गेलेल्या माणसासाठीच्या त्या प्रार्थनेला सगळ्यांनी दोन्ही हात वर केले. रऊफनं केले. चिकेमागं बांगड्या वाजल्या, बायकांनीही केले असावेत. काझीसाहेबांनी डोळे मिटले. मीही रुमाल नीट करून हात जोडावेत की पसरावेत या विचारात होतो. वजीहुद्दीन तेवढे हलले नाहीत. त्यांनी शालीतून हात काढले होते, पण ते गुडघ्यांवरच होते आणि पूर्वी कधी पाहिले नव्हते इतके थडथडत होते.

काझीसाहेबांनी पहिला शब्द उच्चारला.

"थांबा!" वजीहुद्दीन ओरडले. त्या देहात एवढा आवाज असेल असं कोणाला वाटलं नव्हतं. "काझीसाब, हात खाली घ्या."

"काहून, वजीहमियाँ?"

"जित्या मान्साचा फातेहा पढू नका."

"कोन जित्तं हाय?"

वजीहुद्दीननी चिकेकडं बोट केलं. ते बोट थरथरत साऱ्या चिकेवरून फिरत होतं, पण कोणाकडं आहे ते सगळ्यांना कळलं.

"माजी तस्कीन हाय ती. माज्या पोरीला जित्तेपनी मरहूम नका करू. बाकी काय बी ठरवा. पेटी न्या, समदं न्या. फातेहा तेवढा नका पढू."

मग तुटक तुटक सगळं बाहेर आलं. मुजावरांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आलं होतं. उरुसात पान बाहेर निघायचं, त्याच्यावर गुलाबपाणी शिंपडलं जायचं, काळी शाई बरीचशी निघून जायची. पुढच्या उरुसाआधी घरातला वडील माणूस दार लावून, वजू करून पुन्हा शाई द्यायचा. बाहेर कोणी विचारलं नाही, यांनी कोणाला सांगितलं नाही. वजीहुद्दीनच्या वडलांनी दिली, त्यांनी दिली. हात थरथरायला लागल्यापासून तस्कीन देत होती. यंदा शेवटच्या ओळीला आली होती. तेवढ्यात कोणीतरी एक दिवस आधी येऊन कडी वाजवली.

त्या कोणीतरीकडं सगळ्यांनी वळून पाहिलं.

"सर, सांगा त्यांना!" रऊफ उभा राहिला. "चच्चा बिमार आदमी, कुछ भी बोलते. तुम्ही भिंगानं बघितलं ना? अडीचशे वर्षं म्हणालात ना?"

त्या गर्दीत माझी बाजू घेणारा तो एकटा उरला होता, आणि माझी बाजू तीच होती जी तस्कीनला उघड्यावर पाडणार होती. मी ठाम राहिलो असतो तर लोकांनी माझं ऐकलंही असतं. माझ्याजवळ पदवी होती, वजीहुद्दीनजवळ कंपवात. मला आतून फार वाटत होतं की ठाम राहावं. सतराशे पन्नास! किती सुंदर निघालं होतं ते.

"गुलाबपाणी," मी वजीहुद्दीनना विचारलं, "फडक्यावर शिंपडता की पानावर?"

"पानावरच की, सर. दर सालाला."

कोळशाची शाई पाण्यानं निघते. मुरते ती मूळची तपकिरी. हे मी विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यात शिकवतो, परीक्षेत विचारतो आणि न लिहिणाऱ्याचे गुण कापतो. दरवर्षी गुलाबपाण्यात भिजणाऱ्या पानावर अडीचशे वर्षांची काजळी टिकायची कुठून? आणि मी वहीत लिहिलं होतं, 'मंद सुगंध'. मग काळी बोटं आठवली, परातीतले खडे आठवले, लाडू आठवले. कान तापले माझे.

"रऊफभाई," मी म्हणालो, "वरच्या शाईचा हात थरथरलेला नाही असं मी म्हणालो, ते खरं आहे. आज असा हात हिंदुस्तानात नाही म्हणालो, तेवढं चुकलं. इथंच आहे. आणि तो मेला, हे मी कशावरून ठरवलं, ते माझं मलाच सांगता येत नाही."

कोणीतरी हसलं. मग पुष्कळ हसले. काझीसाहेबांच्या कानातलं यंत्र शिट्टी वाजवू लागलं, ते त्यांनी नीट बसवलं.

"पण बाईचा हात, काझीसाब," रऊफ म्हणाला. "कलामावर बाईचा हात चालतो का?"

"आताच कोन माशाल्ला म्हनलं? दोन येळा म्हनलं. मी ऐकलं, आन मला तर ऐकू बी कमी येतं." काझीसाहेब पानाकडं झुकले. "हात बाईचा निघाला तर अक्षर बदललं का, रऊफ? वजू करती, पाक हाय, कुरान पाठ हाय तिचं. तू देतूस का शाई? दे. कलम आन, देऊन दाखव."

रऊफनं स्वतःच्या खिशातल्या दोन पेनांकडं पाहिलं आणि तो खाली बसला. त्याचं मला वाईट वाटलं. आम्ही दोघं एकाच भाषणावर उभे होतो.

"पेटी हाय तितंच ऱ्हाईल," काझीसाहेबांनी सगळ्यांकडं बघून विचारलं, "कुनाची हरकत?" कोणाचीच आली नाही. फातेहासाठी वर झालेले हात अजून कित्येकांच्या मांडीवर उघडेच होते. "मग बेटी, उरूस तोंडावर आला. ओळ राहिली तुझी. पुरी कर."

चिक हलली. तस्कीन वजू करून आली, खाली मान घालून वडलांशेजारी बसली. एका पोरीनं घरातून दौत आणि बोरूची लेखणी आणली. दौत वजीहुद्दीननी हातात घेतली. मी दचकलो, म्हटलं आता सांडणार. ते हात थरथरत होते, दौत त्यांच्याबरोबर डुलत होती, आणि तस्कीन न बघता लेखणी नेमकी तिच्यात बुडवत होती. दौत जिकडं जाईल तिकडं लेखणी जायची. त्या दोघांचं ते कित्येक वर्षांचं होतं. एवढे सगळे तिथं बसले असूनही एक थेंब सांडला नाही.

ती ओठात मजकूर म्हणत होती आणि अक्षर काळं होत होतं. ओळ संपली. तिनं लेखणी पुसली आणि पहिल्यांदाच सगळ्यांदेखत माझ्याकडं सरळ बघितलं.

"सर, या. भिंग आना तुमचं. नीट बगून घ्या."

मी गुडघ्यांवर पुढं गेलो. सवयीनं बोट पुढं झालं.

"हात लावू नका," ती म्हणाली. "वल्ली हाय अजून."

औरंगाबादला परत जाताना एस. टी.त मी अहवाल पुन्हा लिहायला घेतला. आमच्या धंद्यात लेखनिकाचं नाव लिहिलं की पुढं कंसात त्याच्या मृत्यूचं साल लिहायची पद्धत आहे. रकानाच तसा असतो, कारण आमचे सगळे लेखनिक मेलेलेच असतात. 'वरच्या शाईचा हात' या मथळ्यासमोर मी लिहिलं, 'तस्कीन वजीहुद्दीन मुजावर, पीरगव्हाण', आणि सालाच्या जागी लिहिलं, 'हयात'. संस्थेतल्या टंकलेखकानं ती छपाईची चूक समजून दोनदा खोडली. मी दोनदा परत घातली.

त्याला पंचवीसेक वर्षं झाली. वजीहुद्दीन गेले. मी निवृत्त झालो. आता दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन मी स्वतः जिवंत आहे असं सही करून सांगतो, तेव्हा पेन्शन सुरू राहतं. आणि दर उरुसाआधी पीरगव्हाणहून मला एक साधं पोस्टकार्ड येतं. त्यावर मजकूर नसतो. काळ्या शाईत एकच अक्षर असतं, कुफी अलिफ. तो तस्कीनचा हयातीचा दाखला, माझ्यासाठी. पहिलं कार्ड आलं तेव्हा मी खूप हसलो होतो.

आता हसत नाही. कार्ड हातात पडलं की आधी भिंग शोधतो. काळ ठरवायचा नसतो. तिचे वडील कोणत्या वयात थरथरू लागले होते ते मला माहीत आहे, आणि ती आता त्या वयाला येते आहे. खालच्या आकड्यापासून वरच्या टोकापर्यंत रेष हळूहळू बघत जातो, कुठं कापली आहे का ते.

यंदाचं कार्ड काल आलं. अलिफ ताठ आहे.